हात सोडायचा नाही

वीज गेली ती नेमकी नको त्या वेळी.

कोपऱ्यावरच्या दोन्या मेर्चांच्या, म्हणजे मेर्चाबाईंच्या, दुकानात टीव्हीसमोर खुर्च्या ओढून पंधरा-वीस माणसं श्वास रोखून बसली होती. बानी गावाचा लाडका संघ, सालिनेरोस, म्हणजे आपले मिठागरवाले, राजधानीत चाललेल्या सामन्यात जेमतेम एका धावेने पुढे होता. तिन्ही बेसवर राजधानीच्या संघाचे खेळाडू टपून उभे होते. आणि मधल्या मातीच्या उंचवट्यावर चेंडू घेऊन उभा होता गोयो पेगेरो. चाळिशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेला, टोपी भुवयांवर ओढलेला गोयो. त्याने हात मागे नेला... आणि फट्! टीव्ही गेला, पंखा गेला, फ्रीजची घरघरसुद्धा गेली.

त्यानंतर जो ओरडा झाला, तो समुद्रातल्या कोळ्यांनासुद्धा ऐकू गेला असेल.

"रेडिओ! रेडिओ लावा कोणीतरी!"

"सेल कुठायत, दोन्या?"

"ओरडू नका रे मेल्यांनो! मला काय मांजराचे डोळे आहेत?"

दाराशी नेफ्ताली उभा होता. तो फक्त थंड पाण्याची बाटली घ्यायला आला होता. पण सवय वाईट! अंधारात, कोणी विचारलेलं नसताना, तो पुटपुटला, "आता हळू चेंडू टाकेल. वळणारा. आणि मार खाईल."

"कोण बोललं ते?"

बाईचा आवाज. अगदी जवळून, डाव्या हाताला. गोड वगैरे नव्हता हं... चांगला खणखणीत होता.

"मी," नेफ्ताली म्हणाला.

"मी म्हणजे कोण? गोयो मार खाईल म्हणायला तुम्हाला स्वप्न पडलं?"

"स्वप्न कशाला? दमल्यावर तो नेहमी तोच चेंडू टाकतो. आणि दमल्यावर तो चेंडू नीट वळत नाही."

"अगबाई! गोयो दमलाय हे तुम्हाला अंधारात दिसलं?"

सगळे हसले. इतक्यात रेडिओला कंठ फुटला. निवेदक नुसता किंचाळत होता. हळू चेंडू, वळणारा, बॅटरने तो जमिनीवर ठोकला, आणि एका फेकीत एक नाही, दोघं बाद! दुकानात खुर्च्या उडाल्या, कोणीतरी कोणालातरी मिठी मारली, आणि तेवढ्यात वीज परत आली.

नेफ्तालीने डावीकडे पाहिलं. डोक्यावर मोठाले गुलाबी रोलर, त्यावर जाळी, आणि त्या सगळ्या सरंजामाखाली एक सावळा, हसरा, जिंकलेला चेहरा. इथल्या मुली केस असे गुंडाळून बाजारात जातात, बँकेत जातात, त्यात काही नवल नाही. पण नेफ्तालीला मात्र वाटलं, राणीने मुकुट घालावा तसे हिने ते रोलर घातलेत.

"खाल्ला मार?" तिने विचारलं.

"हळू चेंडू तर टाकलाच ना?"

"म्हणजे अर्धं बरोबर." तिने मान तिरकी केली. "मग उरलेल्या अर्ध्याची कॉफी पाजा."

त्याने पाजली. दोन्या मेर्चांनी प्लॅस्टिकच्या इवल्याशा पेल्यात ती ओतली, साखर दोनदा घातली, आणि दोघांकडे असं पाहिलं की नेफ्तालीचे कान गरम झाले.

तिचं नाव ओदालिस. चौकातल्या केशकर्तनालयात कामाला, आणि केस वाळवायच्या यंत्रांच्या गोंगाटावर आवाज चढवून दिवसभर गिऱ्हाइकांशी बेसबॉलवर भांडायची. त्याने आपलं नाव सांगितलं. सान्तियागोहून आलोय, म्हणाला. काम? "आकडेमोड. एका ऑफिसात."

ऑफिस कुठलं, ते त्याने सांगितलं नाही. आणि इथेच सगळी गोम होती.

कारण ते ऑफिस मिठागरवाल्यांचंच होतं. क्लबने याच मोसमात त्याला नोकरीवर ठेवलं होतं. कोणता चेंडू किती वेगाने गेला, किती वळला, कोणी कुठे मारला, हे स्टेडियमच्या वरच्या काचेच्या खोलीत पडद्यांसमोर बसून पाहायचं, आणि क्लबचे सर्वेसर्वा ओलिवोसाहेब यांना सल्ला द्यायचा. त्याच आठवड्यात त्याने सल्ला दिला होता. गोयोचा खांदा संपलाय. ऐंशी चेंडूंच्या पुढे त्याला कोणीही मारतं. नाताळ झाला की त्याला मोकळा करा आणि त्या तरुण क्रिसोस्तोमोला त्याची जागा द्या.

आकड्यांच्या हिशेबाने त्यात काडीची चूक नव्हती. पण अशा बातम्या कधी काचेच्या खोलीत राहतात का? दोन दिवसांत गावभर झालं की ऑफिसातल्या कुठल्याशा नव्या शहाण्याच्या सांगण्यावरून गोयोला नारळ मिळणार. त्या शहाण्याचा चेहरा मात्र कोणी पाहिलेला नव्हता.

शहाणा रोज संध्याकाळी दोन्या मेर्चांच्या दुकानात येऊन बसू लागला. पाण्याची बाटली घ्यायला, असं तो स्वतःला सांगायचा.

"त्या शहाण्याला एकदा माझ्या ताब्यात द्या," तातिको म्हणायचा. तातिको मोटरसायकलवर भाडी मारायचा आणि त्याची मतंही तशीच सुसाट धावायची. "बर्फाच्या पेटीत बसवतो आणि वर झाकण लावतो."

"पण क्रिसोस्तोमोचा वेग बघ की," नेफ्ताली चाचरत म्हणायचा. "बावीस वर्षांचा पोरगा. त्याचा चेंडू डोळ्याला दिसत नाही."

"वेग, वेग, वेग!" ओदालिस खुर्ची त्याच्याकडे वळवायची. "वेग असला की डोकं लागत नाही. गोयोकडे वेग उरला नाही, म्हणून तर तो विचार करतो."

"विचार करून चेंडू वळत नाही. खांद्याने वळतो."

"तुझ्यासारख्यांना ना, बाळाचं वजन करता येतं. पापा घेता येत नाही."

दुकान खो खो हसलं. 'तुम्ही'वरून ती 'तू'वर कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. दोन्या मेर्चांना मात्र कळलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी तळलेल्या केळ्यांची बशी दोघांच्या मधोमध आणून ठेवली. एकच.

एके संध्याकाळी वारा मिठागरांवरून येत होता, ओठांवर खारट लागत होता. अचानक ओदालिस म्हणाली, "गोयोचा तो चेंडू तू बघितलायस? टीव्हीवर नाही. डोळ्यांनी?"

"वरून... म्हणजे, लांबून."

"लांबून काय बघतोस? जवळून बघ. तो चेंडू येतो... येतो... आणि मधेच थांबतो. हसू नकोस! शपथ. हवेत थांबतो. बॅटरची बॅट फिरून जाते, आणि मग तो येतो." तिचे डोळे केवढाले झाले होते. "मी इतकी वर्षं बघतेय. अजून मला कळत नाही तो कसा थांबतो ते. मला कळायला नकोच आहे."

चेंडू हवेत थांबत नाही. तो किती इंचांनी खाली येतो, हे नेफ्तालीला तोंडपाठ होतं. पण तो तिच्याकडे बघत बसला. एखादी गोष्ट इतकी आवडू शकते माणसाला? आणि इतका जीव लावणारी मुलगी कधी आपल्याला...?

"रविवारी चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "गोयो खेळतोय. दाखवते तुला."

त्या रात्री त्याला झोप आली नाही. प्रेमात पडलो हे तर स्पष्टच होतं. पण ती ज्याच्या नावाने बोटं मोडते तो शहाणा आपणच, हे तिला कळलं तर ती पुन्हा तोंड बघणार नाही, हेही तितकंच स्पष्ट होतं. आणि कळणार तर होतंच. बानीत काय लपतं? त्याने ठरवलं, रविवारी काचेच्या खोलीला दांडी मारायची आणि तिला सांगून टाकायचं. खेळ सुरू व्हायच्या आधी.

रविवारी दुपारी ती स्टेडियमच्या फाटकाशी उभी होती. रोलर नव्हते. केस मोकळे, खांद्यांवर लाटा लाटा, अंगात मिठागरवाल्यांचा पांढरा-निळा सदरा. नेफ्तालीने पाठ केलेली सगळी वाक्यं जागच्या जागी विरघळली.

"ओदालिस... मला तुला एक सांगायचंय."

"चांगलं की वाईट?"

"तुला राग येईल."

"मग सामना संपल्यावर सांग." तिने त्याची बाही धरून त्याला आत ओढलं. "गोयो खेळत असताना मी दुसऱ्या कोणावर रागावत नाही. वेळ नसतो मला."

झालं! राहून गेलं.

मागच्या रांगेत दोन्या मेर्चा उशी घेऊन बसल्या होत्या, शेजारी तातिको. ढोलकी, ॲकॉर्डियन, शिट्ट्या, शेंगदाणेवाल्यांच्या हाका... कान फाटायची वेळ. आणि मग गोयो उंचवट्यावर चढला. सावकाश, जिना चढणाऱ्या माणसासारखा. त्याने टोपी सारखी केली, बॅटरकडे पाहिलं, हात मागे नेला.

चेंडू आला... आला...

आणि थांबला.

नेफ्तालीने तो थांबलेला पाहिला! उन्हात, लाल शिवणीसकट, हवेत. बॅट फिरून गेली. मग चेंडू कॅचरच्या हातमोज्यात अलगद उतरला. इंच, वेग, कोन, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि तरीसुद्धा त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतके महिने आपण काचेआडून नक्की काय बघत होतो?

"बघितलंस?" ओदालिस कुजबुजली.

त्याने नुसती मान हलवली. ती हसली नाही, 'मी म्हटलं नव्हतं?' असंही म्हणाली नाही. तिने फक्त सुस्कारा सोडला, इतक्या दिवसांनी कोणीतरी भेटलं असा.

नऊपैकी चौथ्या डावात राजधानीच्या एका धिप्पाड बॅटरने चेंडू असा ठोकला की तो गेलाच. दूर... आणखी दूर... पार मागच्या भिंतीकडे. ओदालिसने न बघता शेजारचा हात गच्च धरला. तो नेफ्तालीचा होता. भिंतीशी मिठागरवाल्यांच्या पोराने उडी मारली, आपटला, गडगडला... आणि हातमोजा वर केला. चेंडू आत!

सगळं मैदान उसळलं. हुश्श करून ओदालिस हात सोडणार, तोच मागून दोन्या मेर्चांचा हुकूम आला, "खबरदार! हात सोडायचा नाही."

"अहो, पण दोन्या..."

"फळ्यावर बघ एकदा. आणि तोंडाने बोलू नकोस."

दोघांनी धावफलकाकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच कळलं. अजून एकाही बॅटरला गोयोचा चेंडू मारून पहिला बेस गाठता आला नव्हता. एकालाही नाही! सबंध नऊ डाव असं घडलं तर त्याला एक नाव आहे. पण ते घडत असताना ते नाव इथे कोणी उच्चारत नाही. उच्चारलं की फुकू लागतो. दृष्ट म्हणा, साडेसाती म्हणा, तसलं काहीतरी. आणि नुसतं बोलायचं नाही एवढंच नव्हे, जो जसा आहे त्याने तसंच राहायचं. काहीही बदलायचं नाही.

त्यामुळे पाचव्या डावापासून त्या स्टेडियममध्ये फार गमतीचे प्रकार दिसू लागले. तातिको लघवीला गेला होता, त्याला परत जागेवर येऊ देईनात. बिचारा पायऱ्यांवरच उभा राहिला. शेंगदाणेवाल्याला ओदालिसच्या रांगेत जखडून ठेवलं. एका गृहस्थाने नेमका तेव्हा चष्मा पुसायला काढला होता, त्याला शेजारी खेळ सांगत होता. आणि ओदालिसचा डावा हात नेफ्तालीच्या उजव्या हातात होता.

"हे फक्त गोयोसाठी हं," ती समोर बघत म्हणाली.

"अर्थात."

"तुला घाम आलाय."

"तुलाही आलाय."

"मला गोयोमुळे आलाय."

"मला..." तो थांबला. "मला नाही गोयोमुळे."

तिची बोटं, जी नुसती धरलेली होती, ती हळूच त्याच्या बोटांत गुंतली. इतकं हळू की दोन्या मेर्चांनाही कळू नये. नेफ्तालीला वाटलं, हा सामना संपूच नये. नववा डाव येऊच नये. आणि त्याच क्षणी त्याला आठवलं, हिला अजून काहीच माहीत नाही.

सहावा डाव गेला. सातवा गेला. ऊन कललं, दिवे लागले. आणि हळूहळू एक विलक्षण गोष्ट घडली. ढोलकी थांबली. ॲकॉर्डियन थांबलं. शिट्ट्या, हाका, शिव्या, सगळं एकेक करून विझलं. हजारो माणसं, आणि आवाज नाही. या माणसांचा आवाज नाही! लग्नातही जी भांडल्याशिवाय जेवत नाहीत ती माणसं हात छातीशी धरून बसली होती, आणि मधे तो सुटल्या पोटाचा माणूस एकेक चेंडू हवेत थांबवत होता. नेफ्तालीला चर्चमध्ये जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिथे जे वाटायचं ते त्याला आज इथे परत भेटलं.

पण एक गोष्ट त्याला दिसत होती. चेंडू टाकून झाला की गोयो खांदा असा फिरवायचा, जसा गंजलेला नळ कोणी फिरवून बघतो. ऐंशी चेंडू केव्हाच होऊन गेले होते.

आठव्या डावाच्या मधे, त्या शांततेत, फोन वाजला.

नेफ्तालीचा!

"बंद कर!" दहा दिशांनी फुत्कार आले. फोन उजव्या खिशात, उजवा हात ओदालिसच्या हातात. त्याने डावा हात वळवून, वाकून, कसाबसा फोन ओढून काढला. पडद्यावर नाव झळकत होतं: ओलिवोसाहेब.

ओदालिसने ते वाचलं. बानीत ते नाव कोणाला वाचता येत नाही?

त्याला फोन बंद करता आला असता. पण वर काचेच्या खोलीत साहेब होते, खाली कोच होता, आणि मधे गोयोचा खांदा होता. त्याने फोन कानाला लावला.

"कुठे तडमडलायस?" साहेबांचा आवाज त्या शांततेत तीन रांगांना ऐकू गेला. "ऐंशी कधीच झाले! ऐंशीनंतर त्याला काढायचा, असं तूच सांगितलंस ना? कोच विचारतोय. काढू का ठेवू?"

तीन रांगा वळल्या. पायऱ्यांवरून तातिकोने 'आ' केला. ओदालिस मात्र वळली नाही. तिचा हात तेवढा दगडासारखा झाला.

काढा म्हटलं तर ही सगळी माणसं, आणि ही एक, आयुष्यभर माफ करणार नाहीत. ठेवा म्हटलं तर तो खांदा कदाचित आजच जाईल. नेफ्तालीने उंचवट्याकडे पाहिलं. गोयो एकटाच उभा होता, खांदा चोळत.

"साहेब," तो म्हणाला, "गोयोला कोणी विचारलंय का?"

"काय?"

"मी माझ्या आकड्यांना विचारलं, तुम्ही मला विचारलंत, गाव दुकानात बसून एकमेकांना विचारतंय. त्याला कोणीच विचारलं नाही. कोचला पाठवा साहेब. खांदा त्याचा आहे. तो म्हणेल तसं करा."

पलीकडून फोन कट झाला.

"तू," ओदालिस अजूनही समोरच बघत म्हणाली. "तो शहाणा... तू."

"हो."

"गोयोला काढा म्हणणारा."

"हो. तेच सांगायचं होतं. फाटकाशी."

"फाटकाशी! आणि इतके दिवस? माझ्याबरोबर कॉफी पिताना? एका बशीतून केळी खाताना?" तिने हात हिसडला.

"हात!" मागून दोन्या मेर्चा कडाडल्या.

"दोन्या, हाच तो! हाच तो मेला शहाणा!"

"कळलं मला, बहिरी नाहीये मी. सैतान असला तरी खेळ होईपर्यंत त्याचा हात सोडायचा नाही!"

आता काय करणार? गोयोसाठी तिने हात ठेवला. पण नखं अशी रुतवली की नेफ्तालीच्या डोळ्यांत पाणी आलं. केशकर्तनालयातली नखं होती ती, साधीसुधी नव्हेत.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," ती दात आवळून म्हणाली.

"बरं."

"का लपवलंस?"

"बोलत नव्हतीस ना?"

"नेफ्ताली!"

"घाबरलो होतो."

"कशाला? बर्फाच्या पेटीला?"

"तू उठून जाशील त्याला." तो घाईघाईने बोलत सुटला. "आधी मला फक्त तुझं भांडण आवडायचं. मग तू आवडायला लागलीस. मग एक दिवस तू दुकानात आली नाहीस, केसांचं काम होतं म्हणून. त्या दिवशी मला पाणीसुद्धा कडू लागलं. मी तुझ्यावर प्रेम करतो, ओदालिस. गोयोबद्दल मी जे सांगितलं ते मला खरंच वाटत होतं. पण मी काचेतून बघत होतो. चेंडू थांबतो, हे मला माहीत नव्हतं."

नखं थोडी सैल झाली का? त्याला खात्री नव्हती.

तिकडे कोच उंचवट्यावर गेला. दोघं बोलले. गोयोने आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि मान हलवली. कोच एकटाच परत आला. मैदानातून नुसता एक श्वास उमटला.

आठवा डाव संपला. नववा सुरू झाला. पहिला बाद. दुसराही बाद. आता एकच! फक्त एक! माणसं रडत होती, आवाज न करता. ओदालिसचा हात नेफ्तालीने दोन्ही हातांनी धरला, आणि तिने धरू दिला.

गोयोने हात मागे नेला. चेंडू आला... आला...

या वेळी तो थांबला नाही.

बॅटला जेमतेम लागला तो. ठोका नव्हताच तो, नुसता थपका. चेंडू पोरांच्या डोक्यांवरून गेला आणि तीन खेळाडूंच्या मधे, गवतावर, टपकन पडला. बॅटर पहिल्या बेसवर पोचला.

मग उंचवट्यावर गोयो हसायला लागला. खरंच! खांदा धरून, मान मागे टाकून, पोट हलवत. त्याने स्वतःच हात करून कोचला बोलावलं. स्वतःच हातमोज्यातून चेंडू काढून तो धावत आलेल्या क्रिसोस्तोमोच्या हातात ठेवला, त्या पोराच्या गालावर थोपटलं आणि चालू लागला. अर्ध्या वाटेवर त्याने टोपी काढली. टक्कल दिव्यांत चमकलं.

तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. आणि टाळ्या... देवा, काय त्या टाळ्या! वारा थांबला असेल त्या ऐकायला. टाळ्या वाजवायला ओदालिसला दोन्ही हात लागले. तिने हात सोडवून घेतला आणि जीव तोडून वाजवत राहिली, गालांवरून पाणी वाहत असताना. नेफ्तालीही वाजवत होता. पण त्याचा उजवा तळवा उघडा पडला होता, त्याला समुद्राचा गार वारा लागत होता, आणि त्याला कळलं की संपलं. आता तिला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं.

क्रिसोस्तोमोने शेवटचा बॅटर तीन चेंडूंत बाद केला. मिठागरवाले जिंकले. तातिको धावत येऊन सगळ्यांना मिठ्या मारत सुटला. चुकून नेफ्तालीलाही मारली, मग आठवण होऊन शिवी दिली, आणि मग पुन्हा मिठी मारली. गर्दी पांगू लागली. दोन्या मेर्चांनी उशी झटकली, दोघांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या. जन्मात पहिल्यांदाच असेल.

ओदालिस अजून मैदानाकडे बघत होती.

"त्याचा खांदा गेलाय ना?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मलाही दिसत होतं. सातव्या डावापासून." तिने नाक पुसलं. "त्याच्याही आधीपासून दिसत होतं. दुकानात मी मोठ्याने बोलायचे ते त्यासाठीच. उद्या साहेबांनी विचारलं तर काय सांगशील?"

"आधी गोयोकडे जाईन. त्याच्या समोर बसून जे खरं आहे ते सांगेन. त्याचं ऐकेन. मग साहेबांकडे."

"मीही येईन. गोयोकडे."

"ये."

"आणि मी तुझ्यावर रागावलेय. लपवलंस म्हणून. बरेच दिवस रागावणार आहे, आधीच सांगून ठेवते. दुकानात सगळ्यांसमोर भांडणार आहे."

"भांड." तो म्हणाला. "तू येणार असशील तर रोज भांड."

तिने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रडून लाल झालेले डोळे, नाकाचा शेंडा लाल, केसांच्या लाटा पार विस्कटलेल्या. मग ती उठली, त्याच्यासमोरून, शेंगदाण्यांच्या टरफलांवरून करकर चालत त्याच्या दुसऱ्या बाजूला आली आणि तिथे बसली. डावा हात झटकला, बोटं उघडली, मिटली.

"हा पार बधिर झालाय," ती म्हणाली, आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला. "आता हा धर."